कॅलिस्टो चौकीची नववी पातळी

१

"नववी पातळी कोणी पाहिली आहे का?"

प्रश्न एवढाच, सहा शब्दांचा. पण पिंकीने तो तीनदा खोडून पुन्हा लिहिला.

"पाठव ना आता! की फाटली?" डावीकडून जिया खिदळली.

"पैज म्हणजे पैज," उजवीकडून फलक म्हणाली. "नाही विचारलंस तर उद्या मधल्या सुट्टीत दोघींचे वडापाव तुझ्याकडून. आणि मिरची तू खायचीस."

पिंकीने डोळे मिटून बटण दाबलं.

पिंकी म्हणजे हजेरीपटावरची यशोधरा धम्मपाल गांगुर्डे, दहावी ब. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ सोमनाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे या तिघी रोज संध्याकाळी यायच्या. आणि प्रश्न विचारला होता तो एका जुन्या गेमच्या पानावर. 'कॅलिस्टो चौकी'. सोमनाथ सरांनी याच क्लासमध्ये २००१ साली बनवलेला. गुरूच्या एका चंद्रावर ओसाड चौकी, तिथे एकटा सैनिक, हातात बंदूक, आणि समोरच्या काळोखातून येणारे परग्रहावरचे राक्षस. तेव्हा शंभरेक सीड्या विकल्या गेल्या आणि जग तो गेम विसरलं. जुने गेम जमवणाऱ्या कुणीतरी तो वेबसाइटवर चढवला, म्हणून त्याच्याखाली खेळणाऱ्यांचे मोजून बारा अभिप्राय तरी होते. तिघींना ते तोंडपाठ होते.

"राक्षस उकडलेल्या बटाट्यासारखे दिसतात. तरी मी आठवडाभर दिवा लावून झोपलो." हा पेठ गावातला कुणी.

"भिंती सगळ्या सारख्याच. पाऊण तास एकाच खोलीत फिरत होतो. नंतर कळलं, खोली फिरत होती."

"आठव्या पातळीत गोळ्या संपतात आणि पुढे लाल दार. ते उघडतच नाही. बनवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार आणि दोन शिव्या."

लाल दारामागे नववी पातळी आहे, असं सोमनाथ सर सांगायचे. ती नंतर तयार झाली, म्हणून विकलेल्या सीड्यांत नव्हती. ती फक्त मूळ सीडीत होती आणि मूळ सीडी जगात एकच होती. पुढच्या शनिवारी पुण्यात जुन्या भारतीय गेमचं प्रदर्शन होतं, तिथे ती नववी पातळी पहिल्यांदा सगळ्यांना दाखवायची होती.

आणि सोमवारी सकाळी सरांनी कपाट उघडलं, तर सीडी गायब! कुलूप शाबूत, कडी शाबूत.

आदल्या दिवशी, रविवारी, क्लासचं सगळं वायरिंग नव्याने झालं होतं. ते काम करणारा माणूस सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत कपाळाला बॅटरी बांधून भिंतींना भोकं पाडत होता आणि कपाटाच्या किल्लीसकट सगळा जुडगा त्याच्याकडे होता. तो माणूस म्हणजे पिंकीचे पप्पा.

"जुनी ओळख आहे म्हणून शुक्रवारपर्यंत थांबतो, धम्मपाल," सर सगळ्यांदेखत म्हणाले होते. "शुक्रवारी संध्याकाळी सीडी टेबलावर नसली तर मी पोलिसांत जाणार."

आज बुधवार होता. दोन घरांनी पप्पांना ठरलेलं काम नको म्हणून कळवलं होतं. म्हणूनच फलकने ही पैज काढली होती. ज्याच्याकडे सीडी आहे त्यानेच नववी पातळी पाहिली असणार, आणि असल्या माणसाची जीभ वळवळतेच, असं तिचं म्हणणं.

चार मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव 'काळोख'.

"ऐ, आलं बघ!" जिया ओरडली आणि वाचता वाचता तिचं हसू ओठांवरच थिजलं.

"नववीत काय आहे ते तुझ्या बापाला विचार, पिंकी. आणि पुन्हा हा प्रश्न विचारू नकोस."

पिंकी खुर्चीसकट मागे सरकली. कारण तिने प्रश्न विचारला होता तो 'धूमकेतू' या नावाने. पाच मिनिटांपूर्वी घेतलेल्या.

२

"आईशप्पथ मी नाही," जिया रडवेली होऊन म्हणाली.

"तू माझ्या शेजारीच तर बसली होतीस, बावळट," पिंकी म्हणाली, पण तिचाही आवाज चिरकला होता.

उत्तर द्यायला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलेला माणूस लागतो. मग तो कोण?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिघींनी मनोज सरांना गाठलं. मनोज सर म्हणजे क्लासमधले दुसरे शिक्षक, तिशीतले, जुन्या गेमांचे वेडे. 'कॅलिस्टो चौकी'ची मूळ सीडी एकदा तरी खेळायला द्या म्हणून ते सोमनाथ सरांच्या मागे चार वर्षं लागले होते. शिवाय क्लासची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. पिंकीने रात्रभर विचार करून यादीत पहिलं नाव त्यांचंच घातलं होतं.

"म्हणजे मी चोर?" मनोज सर हसले. "अगं, रविवारी मी सिन्नरला होतो, बहिणीच्या साखरपुड्यात. दोनशे लोकांना जिलबी वाढली. फोटो दाखवू?"

त्यांनी खरंच दाखवले. ताट धरून उभे, डोक्याला फेटा.

"सर, इथून एखादीने काही लिहिलं तर ते कुणाला दिसतं?" फलकने विचारलं.

"केबिनमध्ये. तिथल्या कॉम्प्युटरवर सगळ्यांचे पडदे दिसतात. विसरलात? परवा अभ्यास सोडून मेंदीची डिझाइन बघत होतात, ते आम्हाला कसं कळलं?"

"काल संध्याकाळी केबिनमध्ये कोण होतं?"

मनोज सरांचं हसू जरा मावळलं. "मी होतो थोडा वेळ. सोमनाथ सर होते. येणंजाणं चालूच असतं गं." मग ते एकदम हळू बोलायला लागले. "पिंकी, एक सांगू? ते पान पुन्हा वाच. सोमवारपासून तिथे फार गर्दी झालीये."

खरंच की! पिंकीने जिन्यातच फोन काढला. काल प्रश्न टाकायच्या गडबडीत वरचं कुणी वाचलंच नव्हतं. बारा अभिप्राय वीस वर्षांपूर्वीच्या भुतांसारखे निवांत पडलेले, आणि त्यांच्यावर सोमवार ते बुधवार चक्क पाच नवे. सुरत, कोल्हापूर, इंदूर, सोलापूर, एक तर दुबई.

"नववी पातळी ही अफवा आहे. आठव्यालाच गेम संपतो. वेळ घालवू नका. चाळीसपैकी अठरा."

"दिसायला बरा, पण पुढे काही नाही. चाळीसपैकी बावीस."

"नववीच्या नादाला लागू नये. चाळीसपैकी पंधरा."

"यांच्यातल्या कुणालाच आवडला नाही," जिया म्हणाली. "तरी पाच जण तीन दिवसांत येऊन सांगून गेले! मला पिक्चर आवडला नाही तर मी झोपते."

खाली येऊन पिंकीने सायकलच्या जाळीतली ओढणी उचलली, तर तिच्याखाली घडी केलेला कागद होता. छापलेला.

"पुढचा प्रश्न विचारलास, तर तुझा बाप शुक्रवारपर्यंतही घरी राहणार नाही."

पिंकीने चारी बाजूंना पाहिलं. भाजीच्या गाड्या, रिक्षावाले, प्रसादाचे पुडे घेऊन चाललेली माणसं. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं आणि म्हणूनच तिला वाटलं, की सगळे बघतायत.

३

"फाडून टाक आणि घरी चल," फलक म्हणाली.

"नाही," पिंकी म्हणाली. तिला मोठ्याने रडायचं होतं, पण तोंडातून निघाला तो हा शब्द. ती उलट्या पावली जिना चढली आणि सोमनाथ सरांच्या केबिनच्या दारावर टकटक केली.

सर पन्नाशीचे, भुवया पिकलेल्या, आवाज मऊ. त्यांनी पेरू कापला होता. तिखटमीठ लावलेली फोड त्यांनी पिंकीपुढे सरकवली.

"घे बाळा. तुझा राग नाही मला. वाईट वाटतं ते धम्मपालचं. इतक्या वर्षांचा माणूस."

"सर, पप्पा आले तेव्हा सीडी कपाटात होती, हे नक्की का?"

"नक्की म्हणजे? रविवारी दुपारी तीनला मी स्वतः लावून पाहिली. याच टेबलावर. नवव्या पातळीचं लाल दार उघडलं, संगीत वाजलं, सगळं ठीक. सीडी काढली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली परत तुझ्या पप्पांच्या हातात दिली आणि जेवायला गेलो. पाचला ते गेले. सोमवारी कपाट रिकामं. आता तूच सांग."

पिंकीने पेरूची फोड परत सरकवली.

"कुणी धमक्या देतंय मला."

"धमक्या?" सरांच्या भुवया वर गेल्या. "कोण, काय? बाळा, तू यात पडू नकोस. दहावीचं वर्ष. पप्पांना म्हणावं, गुपचूप आणून ठेवा. मी कुणाला बोलणार नाही."

इतकं गोड बोलले की जिना उतरताना पिंकीच्या मनात पहिल्यांदाच तो विचार आला, ज्याची तिला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. पप्पांनीच घेतली असेल तर?

घरी आली तर पप्पा बाहेर गेलेले. मम्मी गॅसजवळ भाकरी थापत होती. ललिताबाई गांगुर्डे, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्या. निकालपत्रकंसुद्धा त्या शेजारच्या बाईंकडून भरून घ्यायच्या. पिंकीने पप्पांचा जुना लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि वेबसाइटवरून उतरवलेला गेम उघडला. विचार करायला डोकं जाग्यावर नव्हतं, निदान राक्षस तरी मारावेत.

आठवी पातळी. गोळ्या संपल्या. काळोखातून बटाटे चाल करून आले.

"मेले परत!" पिंकी ओरडली.

मम्मीने भाकरी उलटली. पडद्याकडे न बघताच ती म्हणाली, "डावीकडची तिसरी भिंत खोटी आहे. तिच्यातून चालत जा. गोळ्या आत आहेत."

पिंकी चालत गेली. भिंत धुरासारखी विरली. आत गोळ्यांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या.

सतराच्या सतरा अभिप्रायांत ही गोष्ट कुणीही लिहिली नव्हती.

"मम्मी," पिंकीने लॅपटॉपवरून मान वर केली, "तुला कसं माहीत?"

तव्यावरची भाकरी जळायला लागली, तरी मम्मी उलथणं हातात धरून तशीच उभी होती.

४

"सीडी तुझ्याकडे आहे?"

"गप. हळू बोल."

"मम्मी, आहे का?"

"नाही गं!" मम्मीने गॅस बंद केला. खाली बसली. पिठाने पांढरे झालेले हात तिने पदराला पुसले.

"मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "सोमनाथ सरांच्या क्लासला होते. फी परवडायची नाही, म्हणून सर म्हणाले, संध्याकाळी थांबून काम करत जा. तीन नंबरच्या मशीनवर बसायचे. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की चंद्र, बंदूक आणि राक्षस. बाकी सगळं मी लिहिलं, पिंके. त्या खोट्या भिंती, फिरणारी खोली, लाल दार. गणितच होतं ते. मला मजा यायची. सीडी विकायला गेली तेव्हा वेष्टनावर नाव त्यांचं. मी विचारलं, तर म्हणाले, तू टायपिंग केलंस."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले नाही. लिहिलं. नववी पातळी मी एकटीने केली आणि तिच्यात माझं नाव घातलं. वाटलं, सर खेळतील, पोचतील, बघतील." ती कसनुशी हसली. "पण त्यांना आठवीच पार करता येईना. माझं लग्न ठरलं, क्लास सुटला."

"मग सोमवारीच का नाही सांगितलंस? पप्पांवर आळ आला तेव्हा?"

"काय सांगू? पुरावा त्या सीडीत. ती गेलेली. आणि मी तोंड उघडलं असतं तर लोक काय म्हणाले असते? बायकोच्या नावासाठी नवऱ्याने चोरली. तुझ्या पप्पांनाही मी हे कधी सांगितलेलं नाही."

पिंकी ताडकन उठली. सरांनी आजवर ती पातळी पाहिली नसेल, पण प्रदर्शनाआधी एकदा तरी लावून पाहणारच ना! पाहिली असेल. आणि भिंतीवर ललिताचं नाव दिसलं असेल.

पण नुसतं 'असेल' म्हणून काय होतं? सर म्हणतात तीनला सीडी होती, पाचला पप्पा गेले...

दार वाजलं. पप्पा आले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून ते बाथरूमच्या जळक्या बल्बकडे वळले. बल्ब काढण्याआधी त्यांनी नेहमीसारखं घराचं मेन बटण पाडलं. घर अंधारलं. एका बल्बसाठी! मम्मी यावरून त्यांना कायम चिडवायची.

अंधारात पिंकीला मात्र लख्ख दिसलं.

५

शुक्रवारी संध्याकाळी क्लासमध्ये सहा जण होते. सोमनाथ सर, मनोज सर, पिंकी, तिचे आईवडील, आणि "आम्ही पण येणार" म्हणून हट्टाने आलेली फलक. जिया जिन्यात उभी राहिली. तिच्या पोटात दुखत होतं, असं तिचं म्हणणं.

टेबल रिकामं होतं.

"म्हणजे नाही आणलीस, धम्मपाल," सर हळहळत म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

"सर, एक विचारू?" पिंकी पुढे झाली. तिने टेबलाची कड घट्ट धरली. "रविवारी तीन वाजता तुम्ही गेम कशावर लावलात?"

"या कॉम्प्युटरवर. सांगितलं ना."

"तो चालला कसा? लाईट नव्हती."

मग पप्पा सावकाश म्हणाले, "मेन मी दहालाच पाडला होता. बॅकअपच्या बॅटऱ्यासुद्धा सोडवून बाहेर ठेवल्या होत्या. पाचला जोडलं सगळं. मी दिवसभर कपाळाला बॅटरी बांधून होतो, सर. तुम्हीच म्हणालात, खाणकामगार दिसतोस."

सरांनी फोन खाली ठेवला. "मग शनिवार असेल. वयानुसार वार चुकतात माणसाचे."

"चुकतात," पिंकी म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. थांबली असती तर रडली असती. "पण गेमच्या पानावर पाच नवे अभिप्राय आलेत. सुरत, इंदूर, दुबई, वेगवेगळी नावं. तिथे पाचपैकी तारे द्यायचे असतात. मग पाचही जण चाळीसपैकी गुण का देतात?"

"देतात. त्यात काय?"

"मला मागच्या चाचणीत एकतीस मिळाले. फलकला चोवीस."

"तेवीस," फलक पुटपुटली.

"चाळीसपैकी. या क्लासमध्ये प्रत्येक चाचणी चाळीसची असते."

"हा काय पुरावा आहे?" सरांचा मऊ आवाज पहिल्यांदा खरखरला. "मनोज, काढ बाहेर हिला."

मनोज सर हलले नाहीत. "सर, मी तीन क्लासमध्ये शिकवलंय," ते म्हणाले. "चाळीसपैकी मी फक्त इथे पाहिलं. आणि बुधवारी पिंकीने प्रश्न विचारला तेव्हा मी केबिनमधून बाहेर आलो होतो. आत तुम्ही होतात."

"सीडी कुठेय मग? दाखवा! माझ्या खिशात? कपाटात? शोधा!"

ते इतक्या खात्रीने बोलले, की पिंकीच्या पायाखालची जमीन सरकली. ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. मोडून गोदावरीत टाकली असेल तर?

पप्पा मात्र भलतीकडेच बघत होते. भिंतीवर त्यांनी नवा बोर्ड बसवला होता, प्रत्येक मशीनला एक बटण, एक बारीक लाल दिवा. तीन नंबरच्या मशीनवर सोमवारपासून 'बिघडला आहे, हात लावू नये' अशी पाटी लटकत होती.

"बिघडलेल्या मशीनचा दिवा चालू कसा?" पप्पांनी विचारलं. एखाद्या वायरमनने विचारावं तसं, साधं.

सर उठले, पण फलक आधी पोचली. तिने खोक्यावरचं बटण दाबलं. चोवीस वर्षांच्या म्हाताऱ्या मशीनने कण्हत कण्हत सीडीचा ट्रे बाहेर काढला. ट्रेमध्ये सीडी होती.

"जुना गेम फक्त त्याच मशीनवर उघडून बदलता येतो," मम्मी पहिल्यांदाच बोलली. "माझं नाव पुसून नवी सीडी करत होतात ना, सर? जमलं नाही. जमणार नाही. मी ते नाव भिंतीत लिहिलेलं नाही. सगळी पातळीच त्या नावावर उभी आहे. नाव काढलं की छत कोसळतं."

तिने पदराने खुर्ची पुसली आणि तीन नंबरवर बसली. कॉम्प्युटरला हात न लावणारी मम्मी! लाल दार उघडलं. आतल्या काळोखात अक्षरं एकेक करून उजळली.

ही चौकी ललिता पगारे हिने बांधली.

पप्पा कितीतरी वेळ ते वाचत उभे होते. पगारे हे मम्मीचं माहेरचं आडनाव.

"शनिवारी पहिल्यांदा पोचलो मी तिथे," सर भिंतीला टेकून म्हणाले. "सगळ्या नाशिकला सांगून बसलो होतो, की माझा गेम. पुण्याला गेलो असतो तर... धम्मपाल, तुझं नाव सहज सुचलं मला. किल्ली तुझ्याकडे होती."

"सहज," पप्पा म्हणाले. त्यांनी तीन नंबरवरची पाटी काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

६

सरांनी मनोज सरांसमोर लेखी दिलं, की धम्मपालने चोरी केली नाही, आळ आपण घेतला, चिठ्ठी, 'काळोख'चं उत्तर आणि ते पाच अभिप्रायही आपलेच. सीडी मनोज सरांनी पाकिटात घालून मम्मीच्या हातात ठेवली.

घरी आल्यावर तिघं जमिनीवर बसून जेवले.

"झालं ते झालं," पप्पा म्हणाले. "काम परत मिळेल. मिटलं. आता पिंके, तू अभ्यासाला लाग."

"मलाही नको ते पुणंबिणं," मम्मी घाईने म्हणाली. "चोवीस वर्षं झाली. लोक प्रश्न विचारतील. म्हणतील, शाळेतली मास्तरीण, हिने कधी बनवला गेम? सर काही साधे नाहीत, उद्या पुन्हा काही बोलतील. सीडी मिळाली, माझ्यासाठी बास आहे."

तिच्या आवाजात तीच भीती होती जी चार दिवस पिंकीच्या पोटात होती. गार, चिकट, गप्प बसवणारी. पिंकीने ती ओळखली.

तिने ताट बाजूला सारलं.

"मम्मी, पप्पा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "प्रदर्शनवाल्या बाईंना मी मघाशीच फोन केला. वेष्टनावरचं नाव चुकीचं आहे, म्हटलं. पुढच्या शनिवारी मी पुण्याला जाणार. मनोज सर मशीन घेऊन येतायत, फलक आणि जिया येतायत. नववी पातळी सगळ्यांसमोर उघडणार आणि लोकांनी काहीही विचारलं तरी उत्तर देणार. मला खूप भीती वाटतेय, आत्तासुद्धा. मम्मी, तू आलीस तर मी तुझ्या मागे उभी राहीन. नाही आलीस, तर तुझ्या जागी."